दोन इंच पुढे, एक इंच मागे

पिकअप म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. पहाटे चारला मार्केट यार्डाच्या दारात उभी असलेली, टोमॅटोच्या क्रेटांनी गळ्यापर्यंत भरलेली बोलेरो आणि मागच्या फळीवर 'आई-वडिलांचा आशीर्वाद'. ही गाडी मागून जरा जास्तच उचललेली दिसली तर अर्थ सरळ असतो. मालकाने जादा पाटे टाकून घेतलेत, कारण कागदावर लिहिलंय त्यापेक्षा जास्त वजन त्याला न्यायचंय. (ते बेकायदा आहे आणि धोक्याचंही आहे, पण तो मुद्दा वेगळा.) तिथे उंची हा हेतू नसतोच. हेतू वजनाचा, उंची आपली फुकटात मिळते.

अमेरिकेत नेमकं उलटं. आमच्या हापिसाच्या पार्किंगमध्ये एक ट्रक उभा असतो. चांगला सहा इंच उचललेला, चढायला शिडी लागावी असा. दोन वर्षांत त्याच्या हौद्यात मी फक्त एकदा काहीतरी पाहिलं, तो कॉफीचा रिकामा कप होता. इथे आधी उंची ठरते आणि मग ती कशासाठी याचा शोध सुरू होतो.

हे मी हसत लिहीत असलो, तरी सध्या मीही त्याच दुकानात गिऱ्हाईक म्हणून उभा आहे. डेन्व्हरला राहतो, दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतलेली २०१७ सालची टोयोटा टॅकोमा आहे, टीआरडी ऑफ-रोड मॉडेल. तिला उचलायची आहे. किती उचलायची आणि कशाने, एवढाच काय तो प्रश्न. गेले तीन विकांत यात गेले, हा चौथा. बायको म्हणाली, "एवढा विचार तू लग्नाच्या वेळी तरी केला होतास का?" म्हटलं, लिहूनच काढू. दुसऱ्या कोणाचे तरी तीन विकांत वाचतील.

तर आधी मुळाशी जाऊ. उचलायची कशासाठी?

जुलैमध्ये आई-बाबा येणार आहेत, पहिल्यांदाच. कोलोरॅडोच्या नैऋत्य कोपऱ्यात सॅन हुआन पर्वतरांगेत अल्पाइन लूप नावाचा ६५ मैलांचा मार्ग आहे. जुन्या खाणवाल्यांनी पाडलेले हे रस्ते लेक सिटी, सिल्व्हर्टन आणि यूरे या तीन गावांना जोडतात. त्यावर दोन उंच खिंडी आहेत, सिनॅमन पास १२,६४० फुटांवर आणि इंजिनिअर पास १२,८०० फुटांवर. म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. रस्ता दगडांचा, एका बाजूला दरी, समोरून गाडी आली की कोणीतरी मागे घ्यायची. आणि खिंडीचं नावच 'इंजिनिअर' म्हटल्यावर आपण नाही जायचं तर कोणी जायचं?

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, जी लिफ्ट किट विकणारा कधीच सांगत नाही. कोरड्या हवेत, उन्हाळ्यात, हा रस्ता कंपनीतून आली तशी टॅकोमा आरामात करते. फोर-व्हील ड्राइव्ह आणि बऱ्यापैकी ग्राउंड क्लिअरन्स, एवढंच लागतं. मग माझं कारण काय? एक, गाडी ९० हजार मैल चालली आहे आणि पुढचे दोन्ही शॉक तेल सोडायला लागलेत. ते तसेही बदलायचेच आहेत. दोन, चार माणसं आणि सामान भरलं की मागचे पाटे बसतात आणि मागचा भाग खाली झुकतो. म्हणजे दुरुस्ती करायचीच आहे, आणि ती करताना थोडी उंची पदरात पडत असेल तर हवी आहे. 'उंची हवी आहे' आणि 'उंचीही हवी आहे' यातला तो 'ही' पुढच्या सगळ्या हिशोबात फार महत्त्वाचा आहे.

सगळ्यात मोठा गैरसमज आधी काढून टाकू. लिफ्ट किटने गाडीचा सगळ्यात खालचा भाग वर जात नाही. टॅकोमाच्या मागे सलग ॲक्सल आहे आणि त्याच्या मध्ये डिफरन्शियलचा गोळा लटकतो. हा ॲक्सल चाकांना जोडलेला आहे, म्हणजे तो जमिनीपासून किती उंच हे फक्त टायर ठरवतं. तुम्ही बॉडी तीन इंच उचला नाहीतर तेरा, तो गोळा तिथेच. लिफ्टने वर जातात ते चासी, इंजिनाखालचं पत्र्याचं कवच, बंपर आणि दारांखालचा भाग. ते वर गेल्याचा फायदा आहेच, खडकाच्या उंचवट्यावरून जाताना पोट घासत नाही, चढ सुरू होताना नाक आपटत नाही. पण गोळा वर न्यायचा तर टायरच मोठं लागतं. त्याचंही गणित करून टाका. माझं मूळचं टायर २६५/७०-आर१६, व्यास ३०.६ इंच. एक माप मोठं २६५/७५-आर१६, व्यास ३१.६ इंच. व्यास एक इंचाने वाढला म्हणजे ॲक्सल अर्धा इंच वर. बस्स, अर्धा. शिवाय स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी ६२ ने पळत असेल, हे पोलिसाने सांगण्याआधी आपल्याला माहीत असलेलं बरं.

(रच्याकने, पुढच्या बंपरखाली प्लास्टिकची एक पट्टी असते, हवेसाठी. दगडाला सगळ्यात आधी तीच लागते. ती काढायला काही बोल्ट आणि अर्धा तास लागतो, खर्च शून्य. याला कोणी 'किट' म्हणत नाही म्हणून ते कोणी सुचवत नाही.)

आता पुढच्या बाजूकडे. टॅकोमाला पुढे प्रत्येक चाकाला स्वतंत्र सस्पेन्शन आहे. वरचा आर्म, खालचा आर्म, मध्ये स्प्रिंग आणि शॉक एकत्र. ते उचलायचे मुख्य मार्ग चार.

पहिला, स्पेसर. शॉकच्या डोक्यावर धातूची जाड चकती बसवायची. शे-दोनशे डॉलरचं काम. शॉक खालच्या आर्मच्या साधारण मध्यावर बसलेला असल्याने एक इंचाची चकती चाकाशी जवळपास दोन इंच देते, शाळेतली तरफच ती. स्प्रिंग तीच, शॉक तोच, म्हणून चालवताना फारसा फरक जाणवत नाही. पण शॉकची सगळी हालचाल आता चकतीएवढी खाली सरकलेली असते. चाक खड्ड्यात पूर्ण लटकलं की आर्मचे बॉल जॉइंट आणि चाक फिरवणारा सीव्ही ॲक्सल कंपनीने ठरवलेल्या कोनापलीकडे जातात. शहरात हे कधी घडत नाही. डोंगरात दर दहा मिनिटांनी घडतं. आणि माझे शॉक तर मेलेलेच आहेत, त्यांच्या डोक्यावर टोपी घालून काय उपयोग?

दुसरा, उंची बदलता येणारे शॉक. यात बिल्स्टाइनचे ५१०० सगळ्यात लोकप्रिय. ४६ मिलिमीटर पिस्टनचा गॅस भरलेला शॉक, त्याच्या अंगावर खाचा, खाचेत एक रिंग, आणि त्या रिंगवर स्प्रिंगची बैठक. रिंग वरच्या खाचेत टाकली की बैठक वर, गाडी वर. स्प्रिंग मूळचीच वापरता येते. पैशांच्या मानाने फार चांगला माल. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवायची. समजा चाकाला एकूण आठ इंच हालचाल आहे, साडेचार वर जायला आणि साडेतीन खाली लटकायला. जुनी स्प्रिंग ठेवून गाडी अडीच इंच उचलली की खाली लटकायला उरतो एकच इंच. माणूस चवड्यांवर उभा राहिला की उंच दिसतो, पण आणखी उंच व्हायला त्याच्याकडे काही शिल्लक राहत नाही, तसं. मग प्रत्येक छोट्या खड्ड्यात शॉक वरच्या टोकाला जाऊन 'टक्' करतो. म्हणून शहाणे लोक हे शॉक सगळ्यात वरच्या खाचेत टाकत नाहीत, मधल्या एखाद्या खाचेत ठेवतात.

तिसरा, स्प्रिंग आणि शॉक दोन्ही बदलणे, आणि स्प्रिंग वजनानुसार निवडणे. ऑस्ट्रेलियाच्या एआरबी कंपनीचं ओल्ड मॅन इमू हे यातलं जुनं नाव. तिथे शहर सोडलं की हजार हजार किलोमीटर काही नाही, सगळं सामान गाडीतच न्यायचं, त्यामुळे त्यांची विचार करायची पद्धत वजनापासून सुरू होते. 'किती उंच हवी' याच्या बरोबरीने 'पुढे लोखंडी बंपर आहे का, विंच आहे का, मागे कायम किती सामान असतं' हे विचारतात, आणि त्याप्रमाणे वेगळी स्प्रिंग. उंची साधारण दोन-अडीच इंच येते. याच रांगेत पुढे फॉक्स, किंग, आयकॉन यांचे उघडून पुन्हा दुरुस्त करता येणारे जाडजूड शॉक आहेत. फार सुंदर वस्तू आहेत, वाळवंटात ताशी साठ मैलांनी उड्या मारणाऱ्यांसाठी. मी ताशी सहा मैलांनी जाणार आहे, मागच्या सीटवर आई असणार आहे.

चौथा, चार ते सहा इंचांचं मोठं किट. यात सस्पेन्शनचं सगळं बिऱ्हाडच ब्रॅकेट लावून खाली सरकवतात, म्हणजे आर्म आणि ॲक्सलचे कोन पुन्हा मूळच्या जवळ येतात. इंजिनिअरिंग म्हणून कल्पना वाईट नाही. पण त्यासाठी बऱ्याचदा चासीचा मूळ आडवा तुकडा कापावा लागतो. कापला की कापला.

तीन इंचांच्या पुढे गेलं की आणखी एक शेपूट लागतं. चाकांचं अलाइनमेंट मूळच्या वरच्या आर्मवर जमत नाही, विशेषतः कॅस्टर, म्हणून वरचे आर्म नवे. सीव्ही ॲक्सलचा कोन वाढतो, म्हणून पुढचं डिफरन्शियल थोडं खाली सोडायच्या चकत्या. मागचा प्रॉपेलर शाफ्ट दोन तुकड्यांत आहे, त्याचा कोन बदलून सुटताना थरथर येते, म्हणून मधल्या बेअरिंगखाली चकत्या. आमच्या भाषेत सांगायचं तर हे डिपेंडन्सीसारखं आहे. एक लायब्ररी अपग्रेड करायला जा, सात खेचली जातात. दोन इंचांपर्यंत मात्र हे शेपूट बहुतेक वेळा वळवळत नाही. ही एकच ओळ मला सगळ्या जाहिरातींपेक्षा मोलाची वाटली.

आता मागची बाजू. इथे बाबा येतात.

बाबा एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले. पाटे, यू-बोल्ट, सेंटर बोल्ट, शॅकल यांत त्यांचा जन्म गेला. माझं कॉम्प्युटरमधलं काम त्यांना कधी नीट समजावून सांगता आलं नाही, दहा वर्षं 'ऑफिसचं काम' एवढ्यावरच भागत आलंय. टॅकोमाला मागे पाटे आहेत हे कळल्यावर मात्र व्हिडिओ कॉलवर माणूस एकदम सरसावून बसला. "फोन गाडीखाली धर," म्हणाले. मी डेन्व्हरच्या गारठ्यात गाडीखाली आडवा, फोनच्या टॉर्चचा उजेड, आणि पिंपरीहून बाबांचा आवाज: "अजून मागं... शॅकल दाखव... हां, थांब. पाटा सपाट झालाय बघ. बाक राहिला नाही."

मी त्यांना पर्याय वाचून दाखवले. ॲक्सल आणि पाटा यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा टाकायचा, सगळ्यात स्वस्त. असलेल्या पाट्यांत एक जादा पाटा घालायचा. शॅकल लांब घालायचा. किंवा पाट्यांचा पूर्ण नवा संच. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "वजन किती टाकणार?"

"बाबा, मी उंची विचारतोय."

"अरे, पाटा वजनासाठी असतो. तू वजन सांग, उंची मी सांगतो."

ऑस्ट्रेलियातल्या कंपनीचा कॅटलॉग आणि दापोडीचं वर्कशॉप, दोघांचा पहिला प्रश्न एकच निघाला. मला फार बरं वाटलं त्या दिवशी.

ठोकळ्याबद्दल त्यांचं मत एका वाक्यात होतं: "पाटा बसलाय, त्याखाली ठोकळा ठेवून तो उठत नाही." शिवाय ठोकळ्यामुळे ॲक्सल पाट्यापासून लांब जातो, जोरात वेग घेतला की ॲक्सल पिळला जाऊन पाट्याला एस आकार येतो. छोटा ठोकळा बरेच लोक वापरतात, कंपनीसुद्धा देते, पण ठोकळ्यावर ठोकळा कधीच नाही. जादा पाट्याबद्दल ते म्हणाले की जुन्या, थकलेल्या पाट्यांत एक नवा टाकला की सगळा भार तो नवाच घेतो, बाकीचे बघत बसतात. (सगळ्या टीममध्ये असा एक जण असतो, हे मी त्यांना सांगितलं नाही.) ९० हजार मैलांनंतर पूर्ण संच बदलणंच बरं. पण फार जड वजनाचा संच नको. रिकाम्या गाडीत तो उसळतो. रिकाम्या एसटीच्या शेवटच्या सीटवर बसून ज्यांनी खंबाटकी घाट उतरलाय त्यांना जास्त सांगायला नको.

मग बसलो वजन मोजायला, आणि इथे या सगळ्या प्रकरणाचा खरा तिढा सुटला.

चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक छोटं स्टिकर असतं. माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांपेक्षा जास्त नको, असं. माझ्या गाडीवर आकडा आहे १,०५० पौंड, म्हणजे साधारण ४७५ किलो. आम्ही चौघं मिळून ६०० पौंड. उरले ४५०. आता माझ्या मनातली यादी घ्या, जी या छंदातल्या प्रत्येकाच्या मनात असते. पुढे लोखंडी बंपर आणि विंच, मूळचा बंपर वजा करून २०० पौंड. हौद्यावर फायबरचं टप १७०. त्यावर छतावरचा तंबू १५०. दारांखाली दगडांपासून वाचवणारे लोखंडी पाइप १२०. बेरीज ६४०. म्हणजे पाण्याची एक बाटलीही न ठेवता गाडी १९० पौंडांनी जास्त भरलेली.

आणि लोकांना न पटणारी गोष्ट ही, की जाड पाटे टाकून तो आकडा वाढत नाही. पाटे जड झाले म्हणून ब्रेक मोठे होत नाहीत, ॲक्सल जाड होत नाही, चासी बदलत नाही. भरलेली गाडी सरळ दिसायला लागते एवढंच, आणि सरळ दिसते म्हणून माणूस आणखी भरतो. मार्केट यार्डातला बोलेरोवाला निदान पोटासाठी करतो.

यादी समोर ठेवली आणि चित्र स्वच्छ झालं. बंपर, विंच, टप आणि तंबू, किंवा आई, बाबा आणि त्यांच्या बॅगा. दोन्ही एका गाडीत मावत नाहीत. ज्या फोटोंवरून आपण या ट्रकच्या प्रेमात पडतो त्यांत बहुतेक वेळा एकच माणूस आणि एक कुत्रा असतो, ते का, हे मला त्या रात्री कळलं.

वजनानंतर उंचीचा दुसरा हिशोब, कलंडण्याचा. एनएचटीएसए हे अमेरिकेचं सरकारी खातं २००१ पासून नव्या गाड्यांना यासाठी तारे देतं. त्यामागचं मूळ सूत्र फार सोपं आहे. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. आकडा जितका लहान तितकी गाडी कलंडायला सोपी. समजा चाकांत अंतर ६४ इंच आणि गुरुत्वमध्य २७ इंचांवर, तर उत्तर १.१९. दोन इंच पुढे, एक इंच मागे आणि टायरचा अर्धा इंच धरून गुरुत्वमध्य पावणेदोन इंच चढला समजा, तर १.११. सहा इंचांचं किट आणि भलं मोठं टायर मिळून सात इंच चढला, तर ०.९४. आकडे माझे, उदाहरणासाठी धरलेले, पण दिशा खरी आहे. बर्फावर घसरताना किंवा हरीण आडवं आल्यावर स्टीअरिंग झटकन फिरवताना हा फरक दिसतो. छतावर १५० पौंडांचा तंबू ठेवला की आणखी. उंची फुकट मिळत नाही, ती कशातून तरी वळती होते.

तिसरा हिशोब टेपने केला. दार उघडलं, जमिनीपासून पाय ठेवायच्या जागेपर्यंत मोजलं. २२ इंच. घरातली जिन्याची पायरी सात इंचांची. म्हणजे एका दमात तीन पायऱ्या. आईच्या दोन्ही गुडघ्यांची तक्रार आहे, पिंपरीतल्या दुसऱ्या मजल्यावर ती दर पायरीला थांबते. तिला विचारलं तर म्हणाली, "तू कर रे तुला हवं तसं, मी चढेन हात धरून." आईचं उत्तर हे कधीच डेटा म्हणून धरायचं नसतं. एक मजबूत प्लास्टिकचं दोन पायऱ्यांचं स्टूल हौद्यात राहील, आणि दाराच्या खांबाला आतून धरायला मूठ आहेच. पण प्रत्येक जादा इंच तिच्या गुडघ्यातून जाणार आहे, हे कोणत्याच किटच्या खोक्यावर लिहिलेलं नसतं.

चौथी गोष्ट आमच्यासारख्यांचीच. मी इथे एच-१बी वर आहे. नोकरी गेली तर २०१७ पासूनच्या नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. दुसरी नोकरी शोधा, नाहीतर गाशा गुंडाळा. २०२२-२३ च्या कपातीत ओळखीच्या दोन घरांनी ते ६० दिवस मोजलेले मी जवळून पाहिले. सोफा, टीव्ही, गाडी, सगळं जाईल त्या भावाला. म्हणून या देशात काही विकत घेताना मनात एक खिडकी कायम उघडी असते, उद्या हे परत करता येईल का? बोल्टने बसलेलं किट एका विकांतात उतरतं. मूळचे पाटे आणि स्प्रिंग गॅरेजच्या कोपऱ्यात जपून ठेवायचे, गाडी मूळ रूपात विकायची, किट वेगळं विकायचं. कापलेली चासी पुन्हा जोडून मिळत नाही. 'गिट'वर काम करणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, ज्याला रिव्हर्ट नाही असा बदल शुक्रवारी संध्याकाळी करायचा नसतो. आणि आमच्याकडे कधीही शुक्रवार संध्याकाळ असू शकते.

पुण्यातला एक मित्र हे सगळं ऐकून म्हणाला, "मग माझी व्ही-क्रॉस पण उचलतो." बाबा रे, तुझा हिशोब वेगळा. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केलं की, नोंदणीच्या कागदावरचा तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्यापेक्षा वेगळा होईल असा बदल चालत नाही. आधी आरटीओ, मग गॅरेज. इथेही राज्याराज्यांत नियम वेगळे आहेत. नॉर्थ कॅरोलायनात पुढचं नाक वर आणि मागचा भाग खाली अशी गाडी करायची फॅशन होती. पुढचा मडगार्ड मागच्यापेक्षा चार इंच किंवा जास्त वर असेल तर ते २०२१ च्या कायद्याने बंद केलं. कारण अशा गाडीचे दिवे समोरच्याच्या डोळ्यात जातात आणि चालकाला नाकासमोरचं पोर दिसत नाही.

असो. तर निर्णय असा.

पुढे बंपर-विंच नसलेल्या गाडीसाठीची स्प्रिंग आणि तिच्याशी जुळणारे नवे शॉक, उंची दोन इंच. मागे हलक्या वजनाचा पाट्यांचा पूर्ण संच आणि नवे शॉक, रिकाम्या गाडीत एक इंच. टॅकोमा मुळात नाकाने थोडी खाली असते, त्यामुळे दोन-एकने ती जवळपास सरळ होते, पण माणसं बसल्यावर मागे झुकून दिवे आभाळाकडे बघणार नाहीत. टायर २६५/७५, बहुतेक वेळा काही न कापता बसतं. काम झालं की चारही चाकांचं अलाइनमेंट आणि दिव्यांची दिशा नव्याने लावणे. (तुमची गाडी २०१८ किंवा नंतरची असेल तर पुढचा रडार आणि कॅमेराही तपासून घ्या. २०२४ पासूनच्या टॅकोमात बऱ्याच मॉडेल्सना मागे पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग आहे, तिथे मागचं सगळं गणित नवं.) बंपर, विंच, टप, तंबू यादीतून बाद. त्यांच्या जागी ४५० पौंडांत दोन मोठ्या बॅगा, पाणी, हवा भरायचा छोटा पंप, आईचं स्टूल आणि वजन उरलं तर कुकर.

किट मंगळवारी येतंय. बसवायला एक दिवस धरलाय, म्हणजे दोन. सूचनापत्रात ठळक अक्षरांत लिहिलंय की जुने यू-बोल्ट पुन्हा वापरू नका, नवेच घाला, आणि पहिल्या १०० मैलांनी आणि मग ५०० मैलांनी पुन्हा आवळा. बाबांना वाचून दाखवलं. "बरोबर लिहिलंय," म्हणाले, आणि टॉर्क किती ते विचारलं. मी फूट-पौंडात सांगितला. "ते नको, किलोग्रॅम-मीटरमध्ये सांग." मी कॅल्क्युलेटर उघडेपर्यंत त्यांनीच सव्वासातने भाग देऊन टाकला होता.

१०० मैलांचं मी करीन. ५०० मैल मात्र जुलैपर्यंत होऊ द्यायचे नाहीत, असा वरून आदेश आलाय. टॉर्क रेंच त्यांनी बॅगेत टाकून ठेवलाय, त्यांचा स्वतःचा. चेक-इनच्या बॅगेचं वजन आता आई मोजतेय.